खिरीच्या मुंग्या

"मामा, खरं सांगा. खीर खाऊन फ्लूट वाजवली होती ना?"

"नाही."

"एक घासबी नाही?"

"अवं, नाही म्हणलं ना!"

"मंग ह्या मुंग्या कायले आल्या? गाणं आयकाले?"

मेघा रामटेकेनं फ्लूटची एक कळ नखानं वर उचलून दाखवली. कळेच्या पोटातल्या, फ्लूटचं भोक झाकणाऱ्या गोल पॅडवर काळ्या मुंग्यांची बैठक बसली होती. लहानूमामांनी चष्मा कपाळावर सरकवला, निरखून पाहिलं, आणि सगळा दोष मुंग्यांचाच असल्यासारखी जोरात फुंकर मारली.

"मागच्या सालची असन," ते पुटपुटले.

"म्हणजे खाल्ली होती."

"बुद्धपौर्णिमेची खीर कोणी नाही म्हणते का वं?"

मेघाचं दुरुस्तीचं टेबल इंदोरा वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत, कूलरकडे पाठ करून मांडलेलं. स्पिरिटचा दिवा विझू नये म्हणून ती स्वतः उकाड्यात बसायची आणि कूलरचा वारा गिऱ्हाइकाला मिळायचा. आधी ती बुटीबोरीत एका कापड कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर हाताखालून कापड सरकायचं आणि गाठ आली की बोट आपोआप थांबायचं. कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा बोटांची ही सवय तेवढी घेऊन ती घरी आली. पॅड बदलायला शिकली ती मामांच्याच फ्लूटवर. पहिल्या खेपेला सगळे पॅड तिरके बसले आणि फ्लूट कुकरसारखी फुसफुसायला लागली. मामांनी तीच फ्लूट वस्तीभर वाजवत नेली आणि प्रत्येकाला सांगितलं, "माह्या भाचीनं बनवली." आता कामठीपासूनचे बँडवाले क्लॅरनेट, सॅक्सोफोन घेऊन तिच्याकडे येतात. नवा माणूस दारात उभा राहून विचारतो, "मिस्त्री कुठी आहे?" ती मान वर न करता म्हणते, "समोर बसून राहिली."

मामा वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रक चालवायचे. निवृत्त झाले, तरी बुद्धपौर्णिमेच्या रॅलीत सगळ्यांच्या पुढे त्यांचीच फ्लूट. मागच्या वर्षी मात्र चौकात कळा चिकटल्या. बोट उचललं तरी पॅड उघडेना. ढोलताशाच्या आवाजात मामा नुसते गाल फुगवून चालत राहिले, आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. त्यानंतर फ्लूट पेटीत गेली, ती आज उघडली. मधल्या काळात रॅलीच्या समितीतल्या साहिलनं सरळ सांगून टाकलं होतं, "काका, यंदा असं झालं तर पुढच्या सालपासून पेनड्राइव्ह लावू."

रॅली उद्या होती.

मामांनी सदऱ्याच्या खिशातून एक पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली. आत नवे पॅड होते. पांढऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या चकत्या, वर कांद्याच्या सालीसारखी पातळ झिल्ली.

"कलकत्त्याहून मागवले. हेच टाक."

मेघानं आपल्याजवळचे राखाडी सिलिकॉनचे पॅड पुढे केले. "हे टाकते. ओल्या फडक्यानं पुसले की साफ. झिल्लीले गोड लागलं का चिकटते, मंग फाटते."

"हे रबर?"

"आधी आयकून तर पाहा." स्वतःच्या जुन्या फ्लूटला तिनं ते बसवले होते. मामांनी ती ओठाला लावून एक लांब सूर धरला. सूर स्वच्छ होता. खालच्या पट्टीत मात्र भरला नाही.

"पोरगं परीक्षेले पाठ करून बोलते, तसं वाटते," मामा म्हणाले. "चूक नाही. पण जीव नाही."

हे मेघालाही कळत होतं. म्हणूनच तिला राग आला.

"मंग झिल्लीचे टाकते. पण रॅली होईपर्यंत खीर नाही. नंतर खा."

"सुजातानं बुद्धाले खीर बोधीच्या आधी देल्ली का मागून?"

"तिची खीर खाऊन कोणी फ्लूट नव्हती वाजवली, मामा!"

मामा हसले. मेघा हसली नाही. "बरं, चूळ भरा आणि मंग वाजवा."

"कुठी भरू? रॅली निघते तुह्या मायच्या दारातून. ती आपल्या हातानं वाटी देते. तिच्या डोळ्यासमोर तिची खीर थुकू?"

"आईले मी समजावून सांगते."

"काय सांगशीन? तिले आयकू येते का?"

आईच्या, म्हणजे तुळसाबाईंच्या कानाचं मशीन शिट्ट्या मारायचं, म्हणून ते कपाटातच पडून होतं.

"माह्या हातात पहिली बासरी तिनंच देल्ली," मामा म्हणाले. "आता वाजवतो तं ती नुसती माह्या बोटांकडे पाहत राहते. बासरी तिच्यापावतर पोचत नाही वं. तिच्याजवळ राहिली ते खीरच."

तेवढ्यात आतून तुळसाबाई आल्या, एका हातात वेलदोड्यांची पुडी, दुसऱ्या हातात जायफळ. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "लहान्या! यंदा इलायची टाकू का जायफय?"

मामांनी दोन्ही हातांकडे बोट केलं.

"दोन्ही? खादाडच राहिला पहिल्यापासून!" भावाच्या पाठीत एक धपाटा घालून त्या खूश होत आत गेल्या.

मेघानं स्पिरिटचा दिवा पेटवला. जुना पॅड धरून ठेवणारी लाख आचेनं सुटली, आणि मुंग्यांचा पॅड चिमट्यात आला. कळेची वाटी रिकामी झाली. तिनं ती पुसली आणि मामांकडे पाहिलं.

"एकच सांगा. झिल्ली टाकू का सिलिकॉन? झिल्ली टाकली तं उद्या आईच्या खिरीले नाही म्हणा लागन. जमन का?"

मामा खुर्चीवरून उठले. गळ्यातला दुपट्टा ऊन चुकवायला डोक्यावर घेतला. फ्लूट मेघासमोरच राहू दिली; झिल्लीच्या पॅडांची पत्र्याची डबी तेवढी उचलून झाकण घट्ट बसवलं, ती खिशात टाकली, आणि चपला पायात सरकवून उन्हात निघून गेले.