सांगाव्याचं पाऊल

रूपलीबाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली की लोक आधी घरातली माणसं मोजत.

खांडबाऱ्याच्या वरच्या डोंगरातल्या सहा पाड्यांचा मौतीचा सांगावा तिच्या सासरकडे होता. कुणी गेलं की तिचा नवरा वीरसिंग काठी घेऊन मेलेल्याच्या नात्यातल्या घरांना कळवायला निघायचा. एकदा ताडावरून पडून त्याचा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून काठी रूपलीबाईच्या हातात आली.

सांगाव्याचे नियम थोडे होते, पण पक्के होते. अंगणाच्या कडेला थांबायचं. उंबरा ओलांडायचा नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही. घरातलं माणूस लोटा घेऊन बाहेर येई आणि तिच्या पुढ्यात जमिनीवर पाणी ओती. मग तिनं मेलेल्याचं नाव घ्यायचं. एकच शब्द. त्यापुढं काही बोलायचं नाही आणि बोललं तरी कुणी ऐकायचं नाही. रड उठली की पाठ फिरवायची.

सात वर्षं ती असं चालली. खांडबाऱ्याच्या बाजारात मीठ विकणारी सुगंधाबाई तिला पाहिलं की छातीवर हात ठेवून म्हणायची, "आज कोन गयं व माय? मन्हं तं कोनी नई ना?" आणि हसायची. पण रूपलीबाईनं मान हलवेपर्यंत तिचा हात छातीवरून खाली यायचा नाही.

१९३८च्या उन्हाळ्यात एक नाव घेऊन ती डोंगराखालच्या दवाखान्यात आली. मेलेल्याचा भाऊ तिथं झाडलोट करायचा. ती आवाराच्या कडेला थांबली. आतून मार्था नर्स धावत आली. मार्था लहानपणापासून नवापूरला मिशनमध्ये वाढलेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"उभी काय राहिलीस? आत ये. हिचे पाय धर."

"माझ्या तोंडात नाव आहे," रूपलीबाई म्हणाली.

"असू दे. ते मेलेलं आहे, ते थांबेल. ही थांबणार नाही."

मार्थानं तिला हाताला धरून आत ओढलं. आत एक बाई अडली होती. रूपलीबाईनं तासभर तिचे पाय धरले. मूल रडलं तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की रडण्याकडे पाठ न फिरवताही उभं राहता येतं.

चार दिवसांनी ती काठी न घेता आली. "मला ठेवा," म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाऊस संपेपर्यंत शीक. लोक तुला हात लावू देत असतील तर ठेवीन."

कोंबड्याच्या आधी उठून नागली दळायची, भाकरी थापायच्या, दोन कोस उतरायचं. संध्याकाळी तेवढंच चढायचं. वीरसिंग घरी टोपल्या विणायचा. आता तो भातही शिजवू लागला. पाड्यावरचे बाप्ये विचारायचे, "वीरसिंग, उद्या लुगडं नेसशील का रे?"

"तू आणून दे, नेसतो," वीरसिंग म्हणायचा आणि चुलीत फुंकर घालायचा.

सासू भिकुबाई मात्र हसली नाही. "सांगावा घरातून असा सुटत नाही. दवाखान्यानं तुला कायम ठेवलं तर काठी माझ्या पुतण्याच्या घरी देऊ. तोवर ती इथंच. नाही ठेवलं तर तू घराला मुकलीस आणि दवाखान्यालाही. मग तुझी पोर काठी घेऊन चालेल."

"मोगरा नऊ वर्षांची आहे."

"काठीला वय नसतं."

त्या दिवसापासून भिकुबाईनं काठी मोगराच्या अंथरुणाजवळ टेकवून ठेवली.

दवाखान्यात रूपलीबाई पट्टी बांधायला शिकली, सुया उकळायला शिकली. घड्याळ तिला वाचता येईना. मग ती नाडी आपल्या चालीवर मोजू लागली. सपाटीवरची चाल असेल तर माणूस बरा. चढणीवरची असेल तर ताप. वाट सोडून पळाल्यासारखी असेल तर मार्थाला हाक मारायची. मार्था घड्याळ लावून बघायची आणि ते बरोबर निघायचं.

पण रोगी तिला ओळखत होते. दोघं जण तिला पाहून खाटेवरून उठून निघून गेले. एका म्हातारीनं तोंडावर पांघरूण ओढलं. आतूनच म्हणाली, "बाई, माझं नाव तेवढं घेऊ नको." तेव्हापासून रूपलीबाई कुणाला नावानं हाक मारीना. पहिली खाट, दुसरी खाट. सात खाटा होत्या.

तिसऱ्या खाटेवर दलपत आला, मुदतीच्या तापानं. वरच्या पाड्यावरचा शेतकरी. डाव्या पायाची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीनं गेलेली. घरचे त्याला ठेवून खाली मान घालून परत गेले होते. अठरा दिवस तो बडबडत होता. एकदा त्यानं रूपलीबाईचं मनगट धरलं. "कुणाला सांगायला निघालीस?"

"कुणालाच नाही. पेज पी."

एकोणिसाव्या दिवशी त्याची नाडी सपाटीवर आली.

"पाऊस संपला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दलपतच्या घरी जा. माणूस बरा झाला, उद्या न्यायला या, असं सांग. तूच सांग."

ती भर दुपारी निघाली. एवढी चांगली बातमी तिनं कधी नेली नव्हती. वाटेत तिनं ती दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिली.

अंगण आलं आणि तिचे पाय थांबले. तिनं थांबवले नाहीत. ते आपोआप कडेला थांबले.

दलपतची बायको मंगळीबाई दारात होती. तिनं रूपलीबाईचे पाय पाहिले. आत गेली, लोटा घेऊन आली आणि पाणी ओतलं. कोरड्या मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. ओतलेल्या पाण्यापुढं जीभ सात वर्षं जसं करत आली तसंच तिनं केलं.

"दलपत," रूपलीबाई म्हणाली.

पुढचे शब्द तोंडातच होते. रड उठली.

"बरा आहे तो! जिवंत आहे!" ती ओरडली. बायका कान झाकून मागं सरल्या. दलपतचा भाऊ रायसिंग पुढं आला. त्याचा आवाज शांत होता. "नावापुढं बोलायचं नसतं, बाई. तुला ठाऊक आहे. वाट धर."

ती धावत खाली आली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "उद्या तूच त्याला पोचव. घरात घेतलं तर तू इथली. नाही घेतलं तर तुला ठेवून माझ्याकडे कोण येईल?"

सकाळी दवाखान्याच्या गाडीवानानं, इसहाकनं, बैलगाडी जुंपली. दलपतला गवतावर बसवलं. "इथून मेलेली माणसं पुष्कळ नेली मी," इसहाक म्हणाला. "मेलेला माणूस विडी मागतो, हे पहिल्यांदाच." दलपत हसला. रूपलीबाई हसली नाही.

घराबाहेर दलपतची खाट मेलेल्याची टाकतात तशी उलटी टाकलेली होती. त्याचा पाणी प्यायचा भोपळा फोडलेला होता. प्रेत आणायला निघालेली माणसं गाडी थांबली तशी भिंतीला टेकली. कुणी ओरडलं नाही. त्याचीच रूपलीबाईला भीती वाटली.

"याला परत ने," रायसिंग म्हणाला. "आमचा काल येऊन गेला."

त्यानं उंबऱ्याकडे बोट केलं. मेलेला माणूस घर बघायला येतो की नाही हे कळावं, म्हणून त्यांनी संध्याकाळी उंबऱ्याच्या आत राख पसरली होती. राख गुळगुळीत होती. तिच्यात एकच पाऊल उमटलं होतं. डावं. चार बोटांचं.

रूपलीबाईनं वळून गाडीतल्या दलपतकडे पाहिलं. आदली रात्र मार्था तिसऱ्या खाटेच्या उशाशी बसून होती. दलपतनं कूससुद्धा बदलली नव्हती, असं तीच सकाळी म्हणाली होती.

गाडीतून दलपत हळूच म्हणाला, "रात्री घरी आलो होतो मी. स्वप्नात. कुणी बोललं नाही माझ्याशी."

मंगळीबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

रूपलीबाई गाडीतून उतरली. सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर होते. अंगणाची कड आली. पाय जड झाले. तिला मोगराच्या अंथरुणाजवळची काठी दिसली. तिनं एक पाऊल पुढं टाकलं, मग दुसरं. उंबरा ओलांडला. राखेतल्या पावलाला वळसा घालून ती पाण्याच्या मडक्याशी गेली. पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायली.

"सांगावा पाणी पीत नाही," ती म्हणाली. "मी सांगावा नाही. मी दवाखान्याची आहे. याला अठरा दिवस मी पेज पाजली."

तिनं दलपतला हात देऊन उतरवलं आणि दाराशी आणलं. "त्याच पावलावर पाय ठेव."

दलपतनं डावा पाय ठेवला. तो तंतोतंत बसला.

मंगळीबाई खाली बसली. तिनं दोन बोटांनी त्याच्या टाचेला हात लावला. हात काढला. पुन्हा लावला.

"गरम आहे," ती म्हणाली. मग उठून तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या आणि रडू लागली. रायसिंगनं खाट सुलटी करून आत नेली. नेता नेता राखेकडे पाहून पुटपुटला, "मग काल आला तो कोण?"



उन्हं उतरताना रूपलीबाई घरी पोचली. अंगणाच्या कडेला मोगरा उभी होती. हातात काठी. पाय जुळवलेले, नजर खाली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. दारात भिकुबाई लोटा धरून उभी होती. वीरसिंग भिंतीला धरून उठायची धडपड करत होता.

"मी नाही दिली काठी," भिकुबाई म्हणाली. "कुठंच गेली नाही पोर. दुपारी आपणहून उचलली आणि अशी उभी राहिली. बोलत नाही."

मोगराचे ओठ हलत होते. भिकुबाईचा हात कलला. लोट्याच्या काठाशी पाणी आलं.

रूपलीबाईनं लोटा हिसकला. एक थेंब जमिनीवर पडू दिला नाही. तो तिनं पोरीच्या ओठांना लावला. मोगरा प्यायली, गटागटा, खूप लांबून चालून आल्यासारखी. मग रूपलीबाईनं तिला उचलून उंबऱ्याच्या आत नेलं.

दुसऱ्या दिवशी काठी पुतण्याच्या घरी गेली. दवाखान्यात रूपलीबाईनं आधी खाटांजवळ जाऊन प्रत्येकाचं मनगट धरलं. तिसरी खाट रिकामी होती. बाकी सहाही सपाटीवर चालत होते. तेव्हा कुठं तिनं डॉक्टरबाईंच्या हातातलं कायम नोकरीचं पांढरं लुगडं घेतलं.

पुढं दहा वर्षं तिनं तिथं माणसं राखली. नावानं हाक मात्र कुणालाच मारली नाही. त्या दुपारी मोगराच्या तोंडात कुणाचं नाव होतं, हेही तिनं कधी विचारलं नाही. मोगरानंही सांगितलं नाही.