न मागितलेली एनओसी

अल् घुब्र्याच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी मराठी मंडळी जेवायला जमली की माझा ओमानी मालक, आमचा अर्बाब, राक्षस होऊन अवतरायचा. म्हणजे मीच त्याला अवतरवायचो. तेव्हा ओमानमध्ये दुसरी नोकरी धरायची तर जुन्या मालकाची एनओसी लागे, आणि माझा मालक ती उशाखाली घेऊन झोपतो, असं मी सांगायचो. एकदा तर त्याने माझा अर्ज चावून गिळला आणि वर कहवा प्यायला, इथवर माझी मजल गेली. लोक हळहळायचे, माझ्या पानात आणखी एक कबाब पडायचा.

"नाहीतर टेंडरच्या फायली चिवडायला इंजिनियर झालो का मी? पूल बांधले असते पूल!" मी म्हणायचो.

बरका गावातल्या एका ओळखीच्या कंत्राटदाराने खरोखरच साइटवर माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती. बायको रोज अर्बाबच्या नावाने बोटं मोडायची.

ईदला अर्बाबने सगळ्या स्टाफला सहकुटुंब जेवायला बोलावलं. बायकोने सरळ त्यालाच गाठलं. "अर्बाब, इनको एनओसी क्यों नहीं देते?"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, इसने कभी माँगा ही नहीं. कल भेजो, साइन करेगा. खलास."

परतताना गाडीत ती म्हणाली, "सहा वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या मी. तुझ्यासाठी. का नाही मागितलीस?"

मी तोंड उघडलं. एरवी मला थाप शोधावी लागत नाही, थापाच मला शोधत येतात. त्या दिवशी एकही फिरकली नाही. साइटची मला कॉलेजपासून धास्ती होती. आणि फायली? मला फायली आवडायच्या! पुलांची हौस मी इतक्या मोठ्याने सांगितली होती की मलाही ती खरी वाटत आली होती.

"तुला नक्की हवंय तरी काय?"

"माहीत नाही," म्हणालो. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

सकाळी अर्बाबने दोन मिनिटांत सही केली, वर पाठ थोपटली. मी बरक्याला फोन लावला. कंत्राटदार म्हणाला, "काय, अजून सोडत नाही का तो?"

'हो' अगदी जिभेवर होतं.

"सोडलं त्याने," मी म्हणालो. "मलाच यायचं नाही."

मी फोन ठेवला. आता हे बायकोला सांगायचं होतं.