चार आणि चौदा नंबरच्या गाड्या

बारावीला मी दुसऱ्यांदा नापास झाले आणि वडिलांनी माझं शिक्षण थांबवलं. आम्ही नालासोपाऱ्यात आचोळ्याला राहायचो. शेजारच्या काकू वसई पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला होत्या. त्यांच्या ओळखीने मलाही तिथे लावलं. गाळ्यात खेळण्यातल्या गाड्या बनतात, एवढंच घरी माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना खेळणी म्हटलं तेव्हा शेठ चिडला.

"खेळणी नाही. मॉडेल. तिकडे परदेशातले लोक काचेच्या डबीत ठेवतात, पोरांना हात लावू देत नाहीत. भिंग घेऊन बघतात, समजलं?"

गाडी तळहातावर मावेल एवढी असायची. शर्यतीची म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चाकं बाहेर आलेली, जमिनीला चिकटलेली गाडी होती. ही तशी नव्हती. ही चार दरवाजांची, एखाद्या डॉक्टरच्या दारात उभी असावी तशी साधी घरची गाडी. फरक एवढाच की तिच्या अंगावर सगळीकडे जाहिराती आणि दारावर मोठा नंबर. तिकडे याच गाड्या आतून रिकाम्या करून शर्यतीला उतरवतात, असं शेठ सांगायचा. धातूच्या बॉड्या बाहेरून गोणीत भरून यायच्या, मागच्या खोलीत त्यांना रंग मारला जायचा आणि मग त्या आमच्याकडे यायच्या. आम्ही अकरा बायका त्यांवर स्टिकर लावायचो.

ते स्टिकर नुसते सोलून चिकटवायचे नसत. कागद बशीतल्या पाण्यात ठेवायचा, वरचा पापुद्रा सुटला की ब्रशच्या टोकाने हळूच गाडीवर सरकवायचा, जागेवर बसवायचा, कापसाने पाणी टिपायचं. रात्रभर सुकू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी वरून लॅकरचा पारदर्शक हात. काही जाहिराती तांदळाच्या कणीएवढ्या असत. पापुद्रा फाटला, दुमडला, खाली बुडबुडा राहिला, की पीस रिजेक्ट.

हे मला मावशीने शिकवलं; गाळ्यात सगळे तिला मावशीच म्हणत. वयाने पंचेचाळीसच्या पुढची, लग्न न झालेली, आगाशीहून बसने यायची. तिच्या भावाची तिथे केळीची वाडी होती. गाळ्यात शेठनंतर तिचाच शब्द चालायचा, कारण तिच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. ती कुणालाही नावाने हाक मारत नसे. जी जिथून येई ते तिचं नाव. एक राजोडी होती, एक सातिवली होती. मी आचोळे.

माझ्या तळव्यांना लहानपणापासून घाम येतो. परीक्षेत पेपर ओला व्हायचा. मावशीला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून रोज सकाळी कामाला बसण्याआधी ती सगळ्यांसमोर मला उभं करायची.

"आचोळे, दाखव तळवे."

मी दाखवायचे. ती त्यांवर टाल्कम पावडर ओतायची आणि खरखरीत फडक्याने चोळायची, भांडं घासावं तशी. बाकीच्या बघत बसायच्या. एखादा पीस माझ्याकडून बिघडला, की तो थिनरच्या डब्यात टाकून ती मला उघड्या हातांनी, टूथब्रशने घासून साफ करायला लावायची. थिनरने कातडी पांढरी पडून सोलायची. घरी जेवताना मीठ लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. राजोडीला किंवा सातिवलीला तिने कधी तसं करायला लावलं नाही.

तेही मी सोसलं असतं. पण दुसऱ्या वर्षी मला एक स्थळ आलं. मुलगा विरारला बँकेत शिपाई होता, घरचे बरे होते, बघून गेले, हो म्हणाले. त्याच्या आईची एक बहीण आगाशीला राहत होती. तिला कळलं की मी मावशीसोबत काम करते, म्हणून ती चौकशीला गेली. मावशी तिला म्हणाली, "मुलगी बरी आहे. पण हात सदानकदा ओले. भाकरी कशी थापणार? काय रोग आहे कुणास ठाऊक."

स्थळ परतलं. मध्यस्थाने ते शब्द जसेच्या तसे आमच्या घरी आणून सांगितले. आई भिंतीकडे तोंड करून बसली. वडील मला म्हणाले, "डॉक्टरला तरी दाखव एकदा." मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि मावशीसमोर तळवे धरले. तिने पावडर ओतली. नेहमीसारखे फडक्याने चोळले.

त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मावशीला नीट दिसत नाही.

मी तिच्या शेजारी बसायचे, म्हणून मला आधी कळलं. गाडी नाकापर्यंत आणायची. चष्मा पुन्हापुन्हा पदराने पुसायची. मग म्हणायला लागली, "आचोळे, माझ्या शीटा तूच लावून ठेवत जा गं, माझा वेळ जातो." मी स्टिकरच्या शीटा कापून तिच्यासमोर रांगेत ठेवायचे, बॉनेट, डावं दार, उजवं दार, डिकी. तिला क्रम पाठ होता. ब्रशचं टोक बोटाने चाचपत ती ते पापुद्रे जागेवर सरकवायची आणि ते अचूक बसायचे. इतकी वर्षं तिने त्या गाड्या हाताळल्या होत्या की दाराची कड कुठे, खिडकी कुठे, हे तिच्या बोटांना कळत होतं. काय छापलंय ते मात्र दिसत नव्हतं. मी तिच्यासमोर मुद्दाम चिमटा एक वीत लांब ठेवून पाहिला. तिने टेबलावर हात फिरवला आणि वर छताकडे बघत म्हणाली, "ट्यूब बदलायला सांगा कुणीतरी."

मी कुणाला सांगितलं नाही. तिची दया आली म्हणून नव्हे. मी वाट बघत होते.

त्याच सुमाराला दोन गाड्यांचं काम एकदम आलं. दोन्ही पांढऱ्या, बॉडी एकच, एकाच संघाच्या. एकीवर चार नंबर, दुसरीवर चौदा. मावशीकडे चार नंबर होता. त्या दिवशी मी तिच्यासमोर बॉनेटसाठी चारच्या शीटा लावल्या आणि दारांसाठी चौदाच्या. दिवसभर ती लावत राहिली. एकही बुडबुडा नाही, एकही कड वाकडी नाही. तीन ट्रे भरले. संध्याकाळी ट्रेला तिच्या नावाची चिठ्ठी मीच खोचली.

दुसऱ्या दिवशी शेठने ते ट्रे बघितले. एकेक गाडी उचलून बॉनेट आणि दार पडताळलं. मग सगळ्यांना काम थांबवायला सांगून त्याने मावशीला मधल्या टेबलाशी बोलावलं.

"मावशी, ही शीट जरा वाचा."

त्याने तिच्या हातात एक शीट दिली. मावशीने ती डोळ्यांजवळ धरली आणि वाचायला लागली. वरच्या ओळीत टायरवाल्याचं नाव, मग तेलवाल्याचं, मग नंबर चार, मग दोन्ही चालकांची नावं, खाली घड्याळवाल्याचं नाव. एकही शब्द चुकला नाही. शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं एका दमात म्हणाली आणि शीट खाली केली.

शेठने तिच्या हातातून शीट घेऊन सगळ्यांकडे फिरवली. तो कोरा कागद होता.

शेठ हसला. मग सगळ्या हसल्या. माझं हसू त्याच्याही आधी फुटलं होतं.

मावशी तशीच उभी राहिली. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "घरी जाऊ का?"

"घरी कशाला? चाकं घासा," शेठ म्हणाला. "त्याला डोळे नको."

संडासाच्या दाराशी एक स्टूल होतं. तिथे बसून कानशीने छोट्या चाकांच्या कडा घासायच्या, धातूचे काटे काढायचे. खिडकीजवळची तिची खुर्ची मला मिळाली. तळवे दाखवायला सांगणारं आता कुणी नव्हतं. मी माझे हात स्वतःच पावडरीने कोरडे करायचे आणि माझं काम तिच्यानंतर सगळ्यांत चांगलं होतं, हेही खरं.

मावशी तिथे पावसाळाभर बसली. बोटांच्या टोकांना चिंध्या बांधून यायची. आम्ही तिला फार छळलं असं म्हणता येणार नाही, थोडंच. कुणी तिचा डबा वरच्या फळीवर ठेवायचं. कुणी घासलेल्या चाकांत न घासलेली मिसळायचं. संडासाकडे जाताना राजोडी रोज तिला विचारायची, "मावशी, मी कोण?" आणि मावशी आवाजावरून "राजोडी" म्हणाली, की ती सातिवलीचं नाव सांगून हसत आत जायची. दिवाळीनंतर मावशी आलीच नाही. कुणी विचारलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पट्ट्याची गाडी आली. काळी गाडी, तिच्यावर बॉनेटपासून छतावरून डिकीपर्यंत एकच सलग चंदेरी पट्टा, बोटाहून लांब. ओला असताना तो छान बसायचा. सुकायला लागला की काचेच्या कडेशी आणि छताच्या वळणावर उचलून यायचा. आम्ही आठवडाभर पीस फुकट घालवले. शेवटी शेठ मला म्हणाला, "आगाशीला जा. तिला विचार. असा पट्टा तिने पूर्वी लावलाय."

मी रविवारी गेले. बाजारापासून चालत, वाड्यांमधल्या वाटेने. भावाचं घर मोठं होतं. मागे केळी, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, त्यात मांडवावर वाळत घातलेली सोललेली केळी. मावशी ओटीवर बसून वाळलेली सुकेळी पानात बांधत होती. भावजय तिच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी करवादली; मला अर्धंच कळलं. पाहुणी आलीय म्हणून काम थांबवू नका, असं काहीसं होतं.

"आचोळे ना?" मी बोलायच्या आधीच मावशी म्हणाली. "पावडरीचा वास आला."

मी कामाचं सांगितलं. सोबत आणलेली गाडी आणि पट्टा तिच्या हातात दिला. तिने गाडीवर बोटं फिरवली, छतावर, काचेवर. चेहरा उजळला तिचा. मला वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती; वाटलं नाही. काम होईल याचाच आनंद झाला.

"दाखव तळवे," ती म्हणाली. मी पुढे केले. तिने आपल्या पदराने ते हळुवार पुसले. तिने असं कधीच केलं नव्हतं.

"नंबराला रात्रभर सुकवायचं. पट्ट्याला उलटं. सुकला की उचलणारच तो. म्हणून ओला असतानाच वरून लॅकर मारायचं, लगेच. लॅकर त्याला दाबून धरतं. जाड हात मार."

"ओल्यावर? पाणी आत राहील ना?"

"किती पीस लावलेत मी असे? विचार शेठला."

सोमवारी मी एक पीस तसा करून पाहिला. पट्टा आरशासारखा बसला. शेठने माझ्या पाठीवर थाप मारली. दोन दिवस वाट बघून मग बाकीचे करू, असं मला म्हणता आलं असतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "करू या." आम्ही तीन दिवसांत सगळी ऑर्डर संपवली, डब्यांत स्क्रू करून बंद केली. माल जायच्या आदल्या दिवशी राजोडीने एक डबी उजेडात धरली आणि मला हाक मारली. पट्ट्याखाली दुधासारखा पांढरा डाग पसरला होता. कडेला फोड आले होते. दुसरी डबी, तिसरी. सगळ्याच.

शेठने ओरडाआरडा केला नाही. "आचोळे, उद्यापासून येऊ नको," एवढंच म्हणाला. तोही मला आचोळेच म्हणायला लागला होता.

मी तिथूनच आगाशीची बस पकडली. मावशी अंगणात होती, कडेच्या बाकावर.

"मुद्दाम सांगितलंत ना?" मी म्हणाले. धाप लागली होती. "पाणी आत राहणार हे तुम्हाला माहीत होतं."

तिने माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"त्या दिवशी शीटा कुणी लावल्या होत्या?"

मी तळवे ओढणीला पुसले.

"कुणी लावल्या होत्या?"

"मी."

"मग?" ती म्हणाली. "काढलं का तुला?"

"काढलं."

"बरं झालं." तिच्या आवाजात राग नव्हता. पोट भरल्यावर माणूस बोलतं तसं बोलली. "मला माझी खुर्ची गेल्याचं काही नाही. डोळे जाणारच होते. पण तू हसलीस. तुझं हसणं मी ओळखलं त्यात."

"आणि तुम्ही माझं लग्न मोडलंत ते?"

"खोटं सांगितलं का मी काही?"

तिचं बोलून झालं होतं. आत जायला ती उठली आणि पायाने चपला शोधायला लागली. एक सापडली. दुसरी वीतभर लांब, माझ्या पायापाशी होती. ती पाय फिरवत होती, माती चाचपत होती. मी खाली पाहिलं आणि ती चप्पल पायाने हळूच बाकाखाली ढकलली, अगदी मागे, भिंतीला लागेपर्यंत.

मान वर केली तेव्हा भावजय दारात उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. मावशी हाका मारत राहिली, "अगं, माझी चप्पल बघ जरा," आणि भावजय माझ्याकडे बघून नुसती हसली आणि आत निघून गेली. मीही अंगणातून बाहेर पडले. वाटेवर बरंच लांब येईपर्यंत मावशीचा आवाज येत होता. आधी भावजयीला, मग भावाला, मग कुणालाच नाही.

पुढे दोन वर्षांनी माझं लग्न झालं, नालासोपाऱ्यातच. नवऱ्याने हात हातात घेतला तेव्हा ओलसर होता. तो म्हणाला, उकडतंय फार. मी हो म्हटलं. मावशीचं काय झालं ते मी कधी कुणाला विचारलं नाही. आगाशीला जायचं काम पडलं की मी बाजारातूनच परतते.