मेधाने आणलेली गोड वाइन

सुहासला, माझ्या नवऱ्याला, यातलं काहीच माहीत नाही. बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

मेधा आणि मी नेपरव्हिलमध्ये शेजारी राहायचो. ती आली की माणसं आपोआप तिच्याकडे वळायची. माझ्याच घरात मी पाहुणी व्हायचे. जळायचे मी तिच्यावर — हो, जळायचेच. दुसरा शब्द कशाला शोधू?

त्या दिवाळीत मी सगळ्यांना फराळाला बोलावलं. तांदूळ भिजवण्यापासून सगळं घरी करून अनारसे केले होते. मेधा एक बाटली घेऊन आली. ग्रीक रेड वाइन, दुकानातल्या अगदी खालच्या फळीवरची, स्वस्तातली. "यात वरून कडक दारू घालतात, म्हणून गोडवा टिकतो. जपून हं," असं म्हणत तिने छोट्या ग्लासांत सगळ्यांना ओतली. स्वतःला जेमतेम घोटभर.

मी चाखली. काळ्या मनुका, अंजीर, किंचित करपलेला गूळ — आणि घशाखाली उतरली की मागे राहणारी ऊब. छान होती. फार छान होती. मी म्हणाले, "खोकल्याचं औषध वाटतंय!"

कुणी हसलं नाही. सुहासने तर डोळे मिटले. "मेधा, यार, काय आणलंयस हे!" माझ्या हातचं खाऊन त्याने कधी असे डोळे मिटले होते? अनारसे ताटात तसेच.

आमच्या भागातल्या मुलांना रविवारच्या मराठी शाळेत मेधाच ड्राइव्ह करून न्यायची, तिथे शिकवायचीही. पुढच्या आठवड्यात रश्मीचा फोन आला. तिची मुलगीही त्याच गाडीत असायची. बोलता बोलता मी म्हणाले, "मेधाचं पिणं हल्ली वाढलंय गं. मुलांना तिच्या गाडीत पाठवायचं म्हणजे... तूच बघ."

खोटं. साफ खोटं.

पण तेवढं पुरलं. एकेक मूल तिच्या गाडीत यायचं बंद झालं. मग शाळेनेही तिला सांगितलं, सध्या ब्रेक घ्या. कारण तोंडावर कुणीच सांगेना. ती माझ्या किचनमध्ये बसून रडली. "माझं काय चुकलं गं?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. मी चहा टाकला.

वर्षभरात ते लोक न्यू जर्सीला, पार्सिपनीला गेले.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. मेधा मला हाताला धरून व्याह्यांकडे घेऊन गेली. म्हणाली, "सगळ्यांनी पाठ फिरवली ना, तेव्हा ही एकटी माझ्याजवळ होती." विहीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

मी हसले. आणि तिचं म्हणणं तसंच राहू दिलं.