वाडी कुठली?

"पण वाडी कुठली म्हणायची तुमची?"

बिल्डरच्या काकांनी विचारलं. पूजेसाठी ते गावाहून आले होते. माझं गाव मी आधीच सांगितलं होतं, पावस गावाच्या पुढचं. पण आमच्याकडे कोकणात नुसत्या गावावर कुणाचं भागत नाही. वाडी कळली की जात कळते.

"बौद्धवाडी," मी म्हटलं.

काका हसले. गोड हसले. "मॅडम, तुम्ही जरा पायरीच्या खाली उभ्या ऱ्हावा हां. मनाला लावून घेऊ नका. देवाचं काम आहे."

रत्नागिरीत स्टँडजवळच्या त्या सात मजली इमारतीची मी आर्किटेक्ट. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. त्या दिवशी चाव्या द्यायच्या होत्या. त्याआधी जागेच्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालून राखण मागायची. कोपऱ्यातला त्याचा दगड हलवायला नको म्हणून मीच पार्किंग आत सरकवलं होतं. दगडापुढे जांभ्याचा ओटा बांधून घेतला होता. ओट्याला एकच पायरी.

मी ओट्यावरून खाली उतरले. खोटं कशाला सांगू, भांडायचं त्राणच नव्हतं. हा प्रश्न शाळेत ऐकलाय, होस्टेलवर ऐकलाय, भाड्याची खोली बघताना ऐकलाय. दर वेळी तेच गोड हसू. रागावून रागावूनही माणूस दमतो.

काकांनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ज्यांचे ज्यांचे हात ह्या वास्तूला लागले, त्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

सवयीने माझंही तोंड उघडलं. आणि मिटलं. ज्यांचे हात लागले, त्यांत मी कुठे होते? संताप आला. काकांचा कमी, माझ्या उघडलेल्या तोंडाचा जास्त.

पायरी चढून मी वर गेले. दगडासमोर उभी राहिले.

"मॅडम, आज नको," बिल्डर हळूच म्हणाला. "पुढची बिल्डिंगपण तुम्हालाच द्यायचीय."

"ही पायरी मी आखलीय," मी म्हटलं. "म्हणा आता पुढचं गाऱ्हाणं."

कुणी म्हटलं नाही. नारळ काकांच्या हातात तसाच राहिला. मी हलले नाही. पाय दुखत होते, तरी नाही. शेवटी तेच लोक एकेक करून खाली उतरले.

पुढची बिल्डिंग दुसऱ्याला गेली. दोन वर्षांचं काम होतं ते. वाईट वाटलं, अजून वाटतं.

पण आता नवीन माणूस माझ्या ऑफिसात आला, की चहा यायच्या आधी मीच वाडी सांगते. ज्याला उठायचंय त्याने तेव्हाच उठावं. नकाशा मी त्यानंतर काढायला घेते.