जाळरेषेवरचे रोडगे

फोन आला तेव्हा मी अकोल्याला घरी कूलरमध्ये पाणी भरत होतो. पलीकडून हिवरखेडचा गजानन एवढंच म्हणाला, "भाऊ, मधूदादा गेले... जंगलात. आग लागली होती." मी विचारलं, "कोणत्या जंगलात?" जणू जंगल दुसरं असतं तर बातमी खोटी ठरली असती. मधुकरदादा माझ्या बायकोचे थोरले भाऊ. अचलपूरला शिक्षक होते, निवृत्तीनंतर हिवरखेडला राहायला आले. महिना उलटून गेला, पण आगीपायी ते गेले हे मला अजून पटत नाही. आगीला इतकं जपणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

हिवरखेडच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी ते दर रविवारी आम्हा काही जणांना फिरायला नेत. थंडीत वनरक्षकांच्या सोबतीने आम्ही गवत कापायचो आणि लांबच लांब पट्टा जाळून मोकळा करायचो. तीच जाळरेषा. उन्हाळ्यातला वणवा तिथवर येऊन थांबतो, कारण पुढे जळायला काही उरत नाही. पहिल्यांदा ते पाहून मी घाबरलो होतो. "दादा, जंगल वाचवायला जंगलच जाळता?" ते हसले. "जवाईबापू, तुमी रोज दाढी करता न? त्यानं काई मुंडकं उडत नाई."

पट्टा मोकळा, स्वच्छ. त्यावरून आधी आम्ही चाललो, मग अकोटची कुटुंबं येऊ लागली, मग मोटारसायकली. मी कुरकुर केली, तर दादांना उलट आनंद. "येऊ द्या न! लोकायचे पाय पडले का गवत वाढत नाई. फुकटचे मजूर हायत." येईल त्याला ते एकच सांगत, रोडगे, म्हणजे गोवरीच्या विस्तवात भाजायचे कणकेचे गोळे, करायचे तर नाल्याच्या रेतीत करा.

दादा गेले त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी रोडगे लावले ते थेट जाळरेषेवर. ती माणसं बेपर्वा होती असं मला म्हणवत नाही. जाताना त्यांनी विस्तवावर माती लोटली होती. आपण सगळे वऱ्हाडात तेच करतो आणि विझला म्हणतो. पण गोवरीचा विस्तव मातीआड धगतच राहतो. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, राख उघडी पडली, ठिणगी कडेच्या सागाच्या पाचोळ्यात गेली. धूर दिसताच दादांनी वनरक्षकांना फोन केला आणि आग झोडपायला हिरवी फांदी तोडून एकटेच पुढे झाले. ते पट्ट्यावर पडलेले सापडले. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. धूर छातीत गेला, हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

वणवा जाळरेषा ओलांडून गावाकडे आला नाही. तो पेटला मात्र जाळरेषेवरूनच. दोन्ही खरं आहे, आणि त्यांची वजाबाकी मला अजून करता येत नाही...

गेल्या रविवारी आम्ही दादांच्या अंगणात जमलो. गजानन म्हणाला, "आता बंद करू. रेषाच नोको, म्हंजे लोक येनार नाईत." कुणीतरी म्हणालं, "आन् वनवा आला त?" सगळ्यांनी दादांच्या बायकोकडे, शकुंतलावहिनींकडे पाहिलं. लांबून माणसं आली म्हणून त्यांनी रोडगे केले होते. जेवणं झाली होती. त्या उठल्या, विस्तवावर घागर ओतली, काडीने राख हलवली आणि तिच्यावर उघडा तळहात ठेवला. ही दादांची रीत. हात टेकवता येईपर्यंत ते विस्तव विझला मानत नसत. आम्ही हसायचो, मास्तर ताप पाहून राहिले म्हणायचो.

वहिनींनी चटकन हात उचलला.

"गजानन, काहून पाहून राहिला? पानी आन. आन् थंडीत रेषेवरचं गवत कापाले इळा घेऊन ये."

त्याने बादली आणली. वहिनींनी ती सगळी ओतली, खाली वाकून पुन्हा तळहात ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.