बारा इंची पेटी आणि भाताची कोठी

सबवूफर घ्यायचं मी निवृत्त झाल्यावर ठरवलं. त्याआधीची पस्तीस वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली. ओतीव लोखंडाचे भाग समोर यायचे, त्यांच्यावर लहान हातोडी मारायची आणि आवाजावरून आत तडा आहे की नाही ते सांगायचं. धड भाग खणकन वाजतो, तडा गेलेला ठस्स वाजतो. पुढे यंत्रं आली, तरी यंत्राने पास केलेला एखादा भाग लोक हळूच माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "साहेब, जरा वाजवून बघा." त्यामुळे स्वतःच्या कानाबद्दल माझं मत फारच चांगलं होतं.

घरात दोन लहान स्पीकर होते. मला तबला ऐकायचा नाद. त्या स्पीकरांतून तबल्याची चाट स्वच्छ ऐकू यायची, डग्गा मात्र कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर थापा मारल्यासारखा वाटायचा. डग्ग्यावर तळवा दाबत नेला की आवाज खालून वर सरकतो, तो घुमारा मला बसल्या जागी हवा होता. त्यासाठी नुसते खालचे आवाज काढणारी वेगळी पेटी लागते, तीच सबवूफर. आमच्याकडे तिला सरसकट 'बेस' म्हणतात आणि वरातीच्या गाडीवर ती वाजली की तिसऱ्या घराच्या काचा थरथरल्या पाहिजेत, अशी अपेक्षा असते. मला तसलं काही नको होतं, हे बायकोला पटवण्यात एक आठवडा गेला.

आमचं घर जांबे गावात. जुनं घर पाडून चार मजली इमारत बांधली. वरच्या तीन मजल्यांवर हिंजवडीत नोकरी करणारे भाडेकरू राहतात, खाली मी, बायको आणि ऐंशीच्या घरातली आई. नवीन घर बांधताना आईने एकच गोष्ट मागितली होती. हॉलच्या आतल्या कोपऱ्यात तिची कोठी राहिली पाहिजे. कोठी म्हणजे माझ्या गळ्याएवढं उंच, झाकणाचं पत्र्याचं पिंप. त्यात वर्षाचं भात सालासकट साठवायचं आणि लागेल तसं गिरणीवर नेऊन तांदूळ करून आणायचे. नकाशा काढणाऱ्याने त्या कोपऱ्यात शोभेचं झाड दाखवलं होतं. आईने त्याला "झाड खानार हाय का तुमी?" असं विचारलं आणि तो विषय संपला.

आता कोठी होती, पण शेत नव्हतं. कासारसाईच्या बाजूला आमचं शेवटचं खाचर होतं, आंबेमोहोराचं. दोन दिवाळ्यांपूर्वी तिथलं भात निघालं, कोठी गळ्यापर्यंत भरली आणि मग खाचर विकलं. माझ्याच्याने आता चिखल तुडवणं होत नव्हतं, मुलगी परगावी स्थायिक झाली होती, सगळ्यांच्या सोयीचं होतं ते. कागद पुढे केल्यावर आईने "कुटं करायची?" एवढंच विचारलं आणि सही केली. तिने हे फार मनाला लावून घेतलं नाही, असं मी तेव्हा पाहुण्यांना सांगत असे. जेवताना दुसरं एक वाक्यही माझ्या तोंडी बसलं होतं, "घरच्या तांदळाची गोष्टच वेगळी." पाहुणे असले तर विकतच्या तांदळाला कसं पॉलिश मारतात यावर एक छोटं व्याख्यानही व्हायचं. बायको त्या वेळी वाढण्यात गुंतलेली असे.

पेटी बघायला बावधनला गेलो. दुकानदार चाळिशीतला, गंभीर माणूस. त्याने आधी सिनेमातला स्फोट ऐकवला. मी म्हटलं, मला डग्गा ऐकवा. तेव्हा त्याने माझ्याकडे जरा नीट पाहिलं, खुर्ची दिली आणि चहा सांगितला. दोन तास ऐकून शेवटी दोन पेट्या उरल्या. एक दहा इंची, सगळीकडून बंद. दुसरी बारा इंची, मागच्या बाजूला हवेसाठी गोल भोक ठेवलेली.

"काका, बारा इंचीचा तळाचा आवाज हिच्यात नाही," दहा इंचीवर हात ठेवून तो म्हणाला. "पण ही कुठेही ठेवा, कुरकुर करत नाही. बारा इंचीचे जागेच्या बाबतीत फार लाड करावे लागतात. चुकीच्या जागी ठेवलीत तर गोंगाट करेल. तुम्ही दोन्ही घरी न्या, चार दिवस ऐका, मग सांगा."

जागा कशी शोधायची तेही त्याने सांगितलं. आपण नेहमी जिथे बसून ऐकतो, तिथे पेटी ठेवायची आणि वाजवायची. मग आपण भिंतीच्या कडेकडेने कान जमिनीजवळ धरून खोलीभर रांगायचं. जिथे खालचा आवाज सरळ आणि मोजका ऐकू येईल, ती पेटीची जागा. मला वाटलं थट्टा करतोय, पण तो थट्टा करणाऱ्यांतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा इंची पेटी सोफ्यावर माझ्या जागी बसवली आणि मी गुडघ्यांवर उतरलो. दाराजवळ डग्गा नुसता बोंबलत होता. खिडकीखाली तो गायबच झाला. टीव्हीच्या बाजूला बरा होता, पण एखादी थाप मध्येच उसळून यायची. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू पाण्याची मोटर बंद आहे हे सांगायला आला. दारात उभा राहून त्याने विचारलं, "अंकल, कुछ गिर गया क्या?" मी कारण सांगितलं तर तो बूट काढून माझ्यामागे रांगायला लागला. संगणकात दिवस घालवणारी माणसं असल्या गोष्टींना हपापलेली असतात.

आई तिच्या खुर्चीतून हे बघत होती. "दोगं मिळून काय हुडकताय?"

"जागा," मी म्हटलं.

"येवढं मोटं घर बांदलं आन जागा हुडकतुया," आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

जागा मिळाली. आतल्या कोपऱ्यात, कोठीला डोकं टेकेपर्यंत गेलो तेव्हा डग्गा एकदम शहाण्यासारखा वाजायला लागला. प्रत्येक थाप वेगळी, प्रत्येक घुमारा आपापल्या लांबीचा. मी मागे फिरून पुन्हा दोन फेऱ्या मारल्या. भाडेकरूही तिथेच येऊन थांबला आणि म्हणाला, "यही है, अंकल." पण कोपऱ्याच्या जितकं आत जावं तितका आवाज सुधारत होता, त्यामुळे पेटी कोठीशेजारी टेकून भागणार नव्हतं. ती बरोबर कोठीच्याच जागी हवी होती.

मी आईला म्हटलं, कोठी जिन्याखाली नेऊया, तिथे कोरडं आहे, झाकण पक्कं आहे, हॉलही मोकळा होईल.

"कोठी न्हाई हलायची," आई म्हणाली.

"का पण?"

"न्हाई म्हन्ले न्हवं."

आई सहसा कशाला नाही म्हणत नाही. खाचर विकतानाही तिने नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे हा हट्ट मला म्हातारपणाचा वाटला. शिवाय माझा हिशेब असा होता की गळ्यापर्यंत भरलेली कोठी आम्हाला सव्वा वर्ष पुरते, आता तळाशी दोन-चार पायल्या उरल्या असतील. रिकामं पिंप कोपरा अडवून बसलंय, एवढंच. चार दिवसांतले दोन गेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी कुरडया घालायला गेली, म्हणजे खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या कुरडयांना नावं ठेवायला गेली. मी बाह्या सारल्या. एकदा हलवून झाली की आई दोन दिवस धुमसेल आणि मग विसरेल, असं धरून चाललो होतो.

कोठी हलेना. खांदा लावला तरी ती तसूभर सरकली नाही. मग हाताला जुनी सवय आठवली आणि मी बोटाच्या पेराने तिला खालून वर वाजवत आलो. गुडघ्याशी ठस्स, मांडीशी ठस्स, पोटाशी ठस्स, छातीशीही ठस्स. गळ्याच्या जरा खाली आल्यावर पहिल्यांदा पोकळ आवाज आला. झाकण काढलं. वर कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि त्याखाली भात, जवळपास भरलं होतं त्या दिवशी होतं तितकंच.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आईला आत्या म्हणते. "आत्यांनी सांगू नका म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मग आपण खातोय तो तांदूळ?"

"दुकानातला. मी आणते आणि त्याच डब्यात ओतते. वर्ष होऊन गेलं."

"पण वास येतो की."

"शिजवताना त्या मूठभर घरचे टाकतात. वासापुरते."

म्हणजे वर्षभर मी दुकानातला तांदूळ खाऊन घरच्या तांदळाचं कौतुक करत होतो. मागच्याच रविवारी व्याह्यांना पॉलिशबद्दल ऐकवलं होतं. दोन पेट्यांमधला केसाएवढा फरक सांगणारा माणूस मी. बायको हसली नाही, हे तिचे उपकार.

आई आली तेव्हा मी सोफ्यावर पेटीशेजारी बसलो होतो. कोठीच्या पत्र्यावर माझ्या हातांचे ओले ठसे होते. ते तिने आधी पाहिले.

"हालवत हुतास?"

"हललीच नाही."

"भरल्याली हाय," आई म्हणाली आणि तिच्या खुर्चीत बसली.

"कशासाठी ठेवलंयस एवढं?"

"माझ्या तेराव्याला."

दूध तापवायचं आहे, हे सांगावं तितक्याच सहज ती हे म्हणाली. मग तीच पुढे बोलत राहिली. "तुज्या आजीच्या तेराव्याला गाव जेवला, त्यो आपल्या खाचराच्या भातावर. तुज्या बाच्या येळंलाबी तसंच. माझ्या येळंला तू दुकानातनं पोती आनशील. लोकं जेवतील आन म्हंतील, म्हातारीनं खाचार इकलं आन आमास्नी बाजारचं घातलं. त्ये नगं मला."

"मला सांगायचं तरी."

"सांगून काय व्हतंय? तू म्हनला आसतास, आसलं बोलू नगं." ते खरं होतं. "आन तुला तरी कुटं कळत हुतं? खात हुतास की गोड मानून."

मी म्हटलं, निदान तू तरी घरचं खा, तुला वाटेल तेवढं काढ. आईने मान हलवली. "कमी पडंल," ती म्हणाली.

या बाईने आयुष्यात कधी विकतचा तांदूळ खाल्ला नव्हता. दुष्काळी सालातही तिने नाचणीवर दिवस काढले, पण तांदूळ विकत आणू दिला नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती वर्षभर माझ्यासमोर ताट घेऊन दुकानातला भात खात होती आणि मी तिला सांगत होतो की घरच्याची गोष्टच वेगळी. तिने फार मनाला लावून घेतलं नाही, हे माझं म्हणणं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. आई समोरच सुपात तांदूळ निवडत होती.

"काका, काय ठरलं? कोपऱ्यात बसली का बारा इंची?"

"जागा तीच आहे. पण कोपरा मोकळा नाही."

"मग थांबायला हरकत नाही," तो म्हणाला. चांगला माणूस आहे, मनापासून सांगत होता. "पेटी मी तुमच्या नावाने बाजूला ठेवतो. अंदाजे कधी मोकळा होईल कोपरा?"

मी आईकडे पाहिलं. तिचा चष्मा नाकावर घसरला होता आणि ती एकेक दाणा बोटाने सरकवत होती.

"तो मोकळा व्हायचा नाही," मी म्हटलं. "दहा इंची ठेवतो. बारा इंची घेऊन जा."

दुपारी दुकानाची गाडी येऊन बारा इंची पेटी घेऊन गेली. दहा इंची मी सोफ्याच्या बाजूला ठेवली. आवाज चांगला आहे. डग्गा डग्ग्यासारखा वाजतो. तळाचा जो घुमारा कोठीशी डोकं टेकवून ऐकला होता, तो हिच्यात नाही आणि नेमकं काय कमी आहे ते माझ्या कानाला ठाऊक आहे. मी एक तुकडा लावून शेवटपर्यंत ऐकला. आईनेही ऐकला.

"मोटी परत का धाडलीस?" तिने विचारलं.

"जागा नव्हती."

"कोठीपायी?"

"हो."

आईने कोठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थोडं दिस थांबायचं हुतंस," ती म्हणाली आणि सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि तिनेही काही पाहिलं नाही असं दाखवलं. तिने सूप पाखडलं, खाली ठेवलं आणि विचारलं, संध्याकाळी भात टाकायचा का भाकरीच करायची. मी म्हटलं, भात टाक. दुकानातलाच टाक.